विश्लेषण : ‘यूएन’मधील नोकरी खरेच तेवढी भारी? पगार, करार आणि कपातीचे गणित

करमुक्त पगार, वर्षाला ३० दिवसांची रजा, मुलांच्या शिक्षणासाठी अनुदान, शिवाय हातात निळे प्रवासपत्र. ‘यूएनमध्ये नोकरी’ म्हटले की मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये साधारण एवढेच असते. त्यात खोटे काही नाही. मात्र २०२५ मध्ये याच संस्थांनी हजारो पदे रद्द केली आणि त्याच छताखाली काम करणाऱ्या अनेकांना यातले काहीच लागू नव्हते, हेही त्याच वर्षी ठळकपणे समोर आले. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत नेमके काय मिळते, कोणाला मिळते आणि इतक्या मोठ्या संस्थेत काम करणारे वैतागतात कशाला?

चर्चा आत्ताच का?

संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पातील २२ टक्के वाटा एकट्या अमेरिकेने भरायचा असतो. चीनचा वाटा सुमारे २० टक्के आहे. म्हणजे १९३ सदस्य देशांच्या संस्थेचा दोनपंचमांश खर्च दोन देशांवर अवलंबून. यातल्या एकाने हात आखडता घेतला किंवा दुसऱ्याने पैसे वर्षाच्या शेवटी भरले, की पगारपत्रकापर्यंत झळ पोहोचते. भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे आणि वेळेत पैसे भरणाऱ्या देशांत त्याचे नाव असते.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. त्यानंतर एकामागून एक बातम्या आल्या. मानवतावादी मदतीचे समन्वय करणाऱ्या ‘ओचा’ या विभागाने सुमारे २,६०० कर्मचाऱ्यांपैकी २० टक्के कमी करण्याचे ठरवले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएनएचसीआरने जूनमध्ये सुमारे ३,५०० पदे कायमची बंद करत असल्याचे सांगितले. जागतिक अन्न कार्यक्रमाने २५ ते ३० टक्के कपातीची तयारी केली. जागतिक आरोग्य संघटनेचे मनुष्यबळ २०२६ च्या मध्यापर्यंत जवळपास पावपट घटणार, असे संघटनेनेच जाहीर केले.

मुख्य सचिवालयही सुटले नाही. सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी मार्च २०२५ मध्ये ‘यूएन ८०’ नावाने फेररचना सुरू केली. संस्थेच्या ८० व्या वर्षावरून हे नाव पडले. २०२६ साठी त्यांनी मांडलेल्या सुधारित प्रस्तावात खर्च १५ टक्क्यांनी कमी आणि २,६८१ पदे रद्द करण्याचा समावेश होता. वर्षअखेरीस आमसभेने सुमारे ३.४५ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर केला. आदल्या वर्षी तो ३.७२ अब्ज डॉलर होता.

पैशांच्या या टंचाईत एक नियम विशेष चक्रावणारा आहे. वर्षभरात खर्च न झालेली रक्कम सदस्य देशांना परत द्यावी लागते, मग ती रक्कम मुळात उशिरा आलेली असली किंवा प्रत्यक्षात आलेलीच नसली तरी. डिसेंबरात पैसे हातात पडतात, तेव्हा नेमणुका करायला वर्ष उरलेले नसते. पैसे ‘शिल्लक’ दिसतात आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून वजा होतात. २०२५ च्या अखेरीस थकबाकी सुमारे १.५७ अब्ज डॉलरवर गेली. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातील सरकते जिने बंद ठेवण्याची वेळ २०१९ मध्येच आली होती. जिनिव्हातील ‘पॅले दे नासिआँ’ ही ऐतिहासिक इमारत २०२३ च्या डिसेंबरात काही आठवडे बंद ठेवून वीज वाचवण्यात आली.

‘यूएनमध्ये आहे’ म्हणजे नेमके कुठे?

संयुक्त राष्ट्रे ही एक कंपनी नाही. सचिवालयात सुमारे ३५ हजार कर्मचारी आहेत. युनिसेफ, यूएनडीपी, जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, अन्न व कृषी संघटना अशा सगळ्या संस्था धरल्या तर आकडा सव्वा लाखाच्या पुढे जातो. मात्र हा आकडा फक्त ‘स्टाफ’चा, म्हणजे ज्यांच्याकडे नेमणूकपत्र आहे त्यांचा.

स्टाफमध्येही थर आहेत. ‘पी’ श्रेणी म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यावसायिक. पी-१ पासून पी-५ पर्यंत, त्यापुढे संचालकांची ‘डी-१’ आणि ‘डी-२’. ‘जी’ श्रेणी सर्वसाधारण सेवेची. लेखा, प्रशासन, वाहनव्यवस्था, सचिवीय कामे यात येतात आणि भरती स्थानिक पातळीवर होते. याशिवाय ‘एनओ’ म्हणजे नॅशनल ऑफिसर. हे त्या-त्या देशाचे नागरिक असतात आणि आपल्याच देशात तज्ज्ञ म्हणून काम करतात. युनिसेफचे महाराष्ट्राचे कार्यालय मुंबईत आहे. तिथे बालआरोग्य, पोषण किंवा पाणी-स्वच्छता या विषयांवर काम करणारी भारतीय मंडळी बहुतेक याच गटात मोडतात.

या सगळ्यांच्या खाली, खरे तर बाजूला, दुसरे जग आहे. सल्लागार, सेवा करारावरचे लोक, प्रकल्पापुरते घेतलेले तज्ज्ञ, यूएन व्हॉलंटिअर, इंटर्न. यांना ‘नॉन-स्टाफ’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्याच ‘संयुक्त निरीक्षण पथका’ने २०१४ मध्ये या विषयावर अहवाल दिला, तेव्हा एकूण मनुष्यबळात या गटाचे प्रमाण सुमारे ४५ टक्के असल्याचे त्यात म्हटले होते. वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचे काम करूनही अनेकांना स्टाफचा दर्जा मिळत नाही, यावर त्या अहवालाने बोट ठेवले होते.

समजा, पुण्यातील एक पाणीपुरवठा अभियंता दिल्लीतील एखाद्या यूएन संस्थेत सल्लागार म्हणून रुजू झाली. तिच्या ईमेलच्या शेवटी संस्थेचे नाव, गळ्यात निळे ओळखपत्र, बैठकीत शेजारी पी-४ दर्जाचे आंतरराष्ट्रीय अधिकारी. काम तेच, अहवाल तोच, दौरेही एकत्र. पण तिचा करार अकरा महिन्यांचा. निवृत्तिवेतन निधीत तिचे खाते नाही. रजा करारात लिहिली असेल तेवढीच. करमाफी तिला नाही, कारण कायद्याच्या भाषेत ती ‘अधिकारी’ नाही. तिला विवरणपत्र भरून भारतीय प्राप्तिकर द्यावा लागतो. अकरा महिन्यांनी सक्तीचा खंड, मग पुन्हा करार. तो मिळेलच असे नाही. आयटी कंपनीत ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून वेगळ्या रंगाचे ओळखपत्र घालून फिरलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

म्हणूनच कपातीच्या बातम्यांतले आकडे जपून वाचावे लागतात. यूएनएचसीआरने साडेतीन हजार पदांचा आकडा दिला, तेव्हा त्याशिवाय तात्पुरत्या करारावरचे शेकडो सहकारी आधीच गेल्याचेही सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यातही सल्लागार धरलेले नव्हते. त्यांचे करार संपले आणि नवे झाले नाहीत, इतकेच. कागदोपत्री कोणाला काढलेले नाही!

पगार ठरतो कसा?

आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या पगाराचे सूत्र शंभर वर्षांपूर्वीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आधी राष्ट्रसंघ होता. १९२० च्या दशकात तिथे नोब्लमेअर यांच्या समितीने सुचवले, की जगभरातून उत्तम माणसे हवी असतील तर पगार सर्वाधिक वेतन देणाऱ्या देशाच्या नागरी सेवेशी तुलना करून ठरवावा. नाहीतर त्या देशातून कोणी येणारच नाही. आज ही तुलना अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांशी होते. अमेरिका वर्गणी कापते तेव्हाही पगाराची मोजपट्टी अमेरिकेचीच असते, हा या व्यवस्थेतील एक गमतीचा भाग.

सूत्र समजायला सोपे आहे. सगळ्या जगात एकाच श्रेणीचा निव्वळ मूळ पगार सारखा. त्यावर शहरानुसार ‘पोस्ट ॲडजस्टमेंट’. उदाहरणादाखल, मूळ पगार महिना ५,००० डॉलर आणि त्या शहराचा गुणक ५० असेल, तर २,५०० डॉलरची भर पडते. महागाई आणि विनिमय दर बदलले की गुणक बदलतो. हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग १९७४ मध्ये स्थापन झाला.

‘जी’ आणि ‘एनओ’ श्रेणीला हे सूत्र लागू नाही. त्यांचा पगार त्या शहरातील चांगल्या मालकांच्या वेतनाची पाहणी करून, स्थानिक चलनात ठरतो. साहजिकच दिल्लीतील पी-३ आणि दिल्लीतील एनओ-सी यांच्या पगारात मोठी तफावत असते, भले दोघांचा अनुभव सारखा असो. ‘आमच्याच देशातल्या प्रश्नांवर आम्ही काम करायचे आणि बाहेरून आलेल्यांना जास्त पैसे’ ही देशोदेशीच्या राष्ट्रीय कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती चुकीची म्हणता येत नाही.

जिनिव्हात तर याहून विचित्र प्रकार झाला. २०१७ मध्ये आयोगाने पाहणीनंतर तिथला गुणक खाली आणला. कर्मचारी न्यायाधिकरणात गेले. पण संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत न्यायाधिकरणे दोन आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तर संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने कपात वैध ठरवली. परिणामी एकाच शहरात, एकाच श्रेणीतल्या दोन अधिकाऱ्यांचा पगार ते कोणत्या संस्थेत आहेत यावर वेगवेगळा पडू लागला.

भत्त्यांबाबत पोस्टमधले दावे बरेचसे बरोबर असतात. परदेशात नेमलेल्यांना मुलांच्या शिक्षणासाठी ठरावीक प्रमाणात अनुदान, ठरावीक काळाने मायदेशी जाण्याचा खर्च, खडतर ठिकाणी राहिल्यास ‘ए’ ते ‘ई’ अशा वर्गवारीनुसार वाढता भत्ता. निवृत्तिवेतन निधीत कर्मचारी ७.९ टक्के आणि संस्था त्याच्या दुप्पट, १५.८ टक्के भरते. पालकत्व रजा २०२३ पासून आई-वडील दोघांनाही १६ आठवडे आहे, जन्मदात्या आईला आणखी १० आठवडे. भारतात १९४७ च्या विशेष कायद्यानुसार अधिकाऱ्यांच्या पगारावर प्राप्तिकर नाही. मात्र निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला पाच वर्षे सेवा लागते. त्याआधी बाहेर पडावे लागले तर स्वतःचे पैसे व्याजासह परत मिळतात, संस्थेने भरलेला दुप्पट वाटा नाही. चार वर्षे काही महिन्यांवर पद रद्द झालेल्यांना हा नियम चांगलाच झोंबतो.

मग लोक टिकतात कशासाठी?

भारतापुरते बोलायचे तर उत्तर पोलिओत सापडते. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र सरकारने १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यासाठी देशभर ‘सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर’ नेमले. हे बहुतेक भारतीय डॉक्टर. पंधरा वर्षांखालील एखाद्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडल्याची खबर आली की तिथे पोहोचायचे. दोन आठवड्यांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यातले असंख्य नमुने मुंबईत परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासले गेले. विषाणू कुठून कुठे गेला, याचा माग तिथल्या जनुकीय तपासणीतून लागत असे.

देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला. मार्च २०१४ मध्ये भारतासह संपूर्ण दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्याआधी, १९७० च्या दशकात देवीच्या निर्मूलनातही अशीच फौज गावोगाव फिरली होती आणि मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला होता. ज्या आजाराने पिढ्यान् पिढ्या मुले अपंग केली, तो आपल्या कामामुळे नकाशावरून गेला, हे सांगता येणाऱ्या नोकऱ्या जगात फार थोड्या आहेत.

पण याच कथेला दुसरी बाजू आहे. निधी पोलिओचा, त्यामुळे पोलिओ संपला की नोकरीचा आधारही संपतो. भारतात या पथकाकडे पुढे गोवर-रुबेला, नियमित लसीकरण, इतर साथींचे सर्वेक्षण ही कामे आली आणि ‘पोलिओ’ ऐवजी ‘सार्वजनिक आरोग्य’ असे नाव लागले. सगळ्याच देशांत असे जमत नाही. देणगीदाराने एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही आणि माणसांचे करार त्या पैशाला बांधलेले असतात.

समाधानाचे आणखी एक कारण सनदेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम १०० सांगते, की कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारकडून, स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही, आदेश मागायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. सदस्य देशांनीही त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. एकाच टेबलावर केनिया, जपान, ब्राझील आणि भारताची माणसे बसतात आणि निदान कागदावर तरी कोणीच आपल्या देशाची बाजू मांडत नाही. हे अनेकांना मनापासून आवडते.

वैताग येतो तो कशाचा?

सुरुवात भरतीपासूनच होते. सचिवालयाने जागा भरण्यासाठी १२० दिवसांचे लक्ष्य ठेवले आहे. प्रत्यक्षात काय होते, हे २०१६ मध्ये अँथनी बॅनबरी यांनी जाहीरपणे लिहिले. ते सहायक सरचिटणीस होते आणि पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुखही होते. संस्थेवर आपले प्रेम आहे, पण ती अपयशी ठरत आहे, अशा आशयाचा लेख लिहून ते बाहेर पडले. एक माणूस नेमायला सरासरी २१३ दिवस लागतात, हा त्यांचा आकडा तेव्हा गाजला. साथीचा विषाणू एवढा वेळ थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आत गेल्यावर बढतीचा प्रश्न येतो. सरकारी नोकरीसारखी सेवाज्येष्ठतेने बढती इथे नाही. पी-३ वरून पी-४ वर जायचे तर पी-४ ची जागा निघावी लागते आणि तिच्यासाठी बाहेरच्या उमेदवारांबरोबर नव्याने अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत. एकाच पायरीवर दहा-बारा वर्षे काढणारे अनेक असतात. जागा बहुधा दुसऱ्या खंडात असते. तिथे जोडीदाराला कामाचा परवाना मिळेल का, शाळा कोणती, आई-वडिलांकडे कोण बघणार, हे प्रश्न भत्त्याने सुटत नाहीत. शिवाय व्हिसा नोकरीशी बांधलेला. पद गेले की घर, शाळा आणि देश, तिन्ही एकदम सोडायची वेळ येऊ शकते.

वरच्या पदांवर तर वेगळाच खेळ. सनदेच्या कलम १०१ नुसार निवडीत कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी सर्वांत महत्त्वाची. पण मानवतावादी मदत विभागाचे प्रमुखपद २००७ पासून ब्रिटिशांकडे, शांतिसेना विभाग १९९७ पासून फ्रेंचांकडे, आर्थिक-सामाजिक विभाग २००७ पासून चिनी अधिकाऱ्यांकडे आणि २०१७ मध्ये सुरू झालेले दहशतवादविरोधी कार्यालय रशियनांकडे आहे. योगायोग एवढा नियमित नसतो. पंचवीस वर्षे सेवा करून वर पोहोचलेल्या एखाद्या घानाच्या किंवा भारताच्या अधिकाऱ्याला इथे छत दिसते. शशी थरूर यांचे उदाहरण अपवादात्मक आहे. १९७८ मध्ये यूएनएचसीआरमध्ये रुजू झालेले थरूर उपसरचिटणीस दर्जापर्यंत गेले, २००६ मध्ये सरचिटणीसपदाच्या शर्यतीत दुसरे आले आणि पुढच्या वर्षी बाहेर पडले.

रोजच्या कामातला कंटाळा मात्र कागदांचा आहे. गुटेरेस यांनीच २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २७ हजार बैठकांची व्यवस्था केली आणि १,१०० अहवाल काढले. त्यातले बरेचसे कोणी वाचत नाही. पाचपैकी एक अहवाल एक हजारांपेक्षाही कमी वेळा डाउनलोड होतो. हे अहवाल कर्मचाऱ्यांच्या हौसेने निघत नाहीत. सदस्य देश ठराव करतात, ठरावाच्या शेवटी ‘पुढील अधिवेशनात अहवाल सादर करावा’ असे वाक्य घालतात आणि तो ठराव पुढे कित्येक वर्षे तसाच चालू राहतो. एखाद्या तरुण अधिकाऱ्याचे सहा महिने अशा कागदात जातात, जो सहा भाषांत भाषांतरित होतो आणि मग शांतपणे पडून राहतो.

संगणकीकरणाचीही कथा अशीच. २०१३ पासून सचिवालयात ‘उमोजा’ ही एसएपीवर उभी केलेली प्रणाली टप्प्याटप्प्याने आली. स्वाहिलीत उमोजा म्हणजे एकता. पगार, खरेदी, प्रवास, रजा सगळे एकाच ठिकाणी. ज्यांनी कुठल्याही मोठ्या कंपनीत एसएपी वापरले आहे, त्यांना दौऱ्याच्या एका बिलासाठी किती वेळा क्लिक करावे लागत असेल याचा अंदाज येईल!

दाद कोणाकडे मागायची?

संस्थेला देशोदेशीच्या कायद्यांपासून संरक्षण आहे. म्हणजे अन्याय झाला म्हणून कर्मचारी दिल्लीच्या कामगार न्यायालयात जाऊ शकत नाही. त्याऐवजी २००९ पासून संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे विवाद न्यायाधिकरण आणि अपील न्यायाधिकरण आहे. न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि नैरोबी इथे त्याचे कामकाज चालते. सल्लागारांना तेही दार बंद. त्यांच्यासाठी लवाद, जो खर्चाने परवडत नाही.

निश्चित मुदतीच्या करारात नूतनीकरणाची अपेक्षा धरू नये, असे नियमातच लिहिलेले असते. पदे रद्द होतात तेव्हा आधी कायम स्वरूपाच्या नेमणुकीवरच्यांना वाचवले जाते, मग मुदतीच्या करारावरच्यांना. मुदत संपण्याआधी काढले तर भरपाई मिळते. मुदत संपू दिली तर नाही. प्रशासनाला काय सोयीचे पडते, हे वाचकाने ओळखावे.

लैंगिक छळाबाबतची आकडेवारीही अस्वस्थ करणारी आहे. संस्थेने करवून घेतलेल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत, आधीच्या दोन वर्षांत छळ झाल्याचे सुमारे एकतृतीयांश उत्तरदात्यांनी सांगितले. प्रश्नावली भरणारेच जेमतेम १७ टक्के होते. न भरणाऱ्यांना व्यवस्थेवर विश्वास नसावा, असा अर्थ तेव्हा काढला गेला.

जिवाचा धोका कोणाला?

१९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील कॅनाल हॉटेलवर हल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण मारले गेले. १९ ऑगस्ट हा दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळला जातो. गाझातील युद्धात पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या ‘उन्रवा’ संस्थेचे ३०० हून अधिक कर्मचारी मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात एका संघर्षात एवढी जीवितहानी कधी झाली नव्हती. येमेनमध्ये हुथी बंडखोरांनी डझनावारी कर्मचाऱ्यांना डांबून ठेवले. अफगाणिस्तानात एप्रिल २०२३ मध्ये तालिबानने अफगाण महिलांना संयुक्त राष्ट्रांत काम करण्यास मनाई केली.

यातले बहुसंख्य बळी आणि बंदिवान त्याच देशाचे नागरिक आहेत. परिस्थिती बिघडली की परदेशातून नेमलेल्यांना विमानाने बाहेर काढले जाते. स्थानिक कर्मचाऱ्यांबाबत हे केवळ अपवादात्मक स्थितीत होते. त्यांचे घर तिथेच असते. खडतर भत्ता आणि दर काही आठवड्यांनी विश्रांतीची रजा हे आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यांचे चित्र पोस्टमध्ये दिसते, तेव्हा त्या कार्यालयाची गाडी चालवणारा, दुभाष्याचे काम करणारा माणूस त्या चित्राबाहेर असतो.

महाराष्ट्रातून प्रयत्न करायचा तर?

दार पूर्ण बंद नाही, पण अरुंद झाले आहे. न्यूयॉर्क आणि जिनिव्हा ही महाग शहरे सोडून नैरोबीसारख्या ठिकाणी पदे हलवण्याचे काम सुरू आहे. सचिवालयाच्या ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम’साठी वय ३२ पर्यंत आणि किमान पदवी लागते. मात्र ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्याच नागरिकांना ती परीक्षा देता येते आणि देशांची यादी दरवर्षी बदलते. त्यामुळे अभ्यासाला लागण्याआधी यादीत भारत आहे का, हे पाहावे. सचिवालयातील इंटर्नशिपला आजही मानधन नाही. २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा एक इंटर्न घरभाडे परवडत नाही म्हणून तलावाकाठी तंबूत राहत असल्याची छायाचित्रे जगभर गेली, तरी हा नियम बदलला नाही. युनिसेफ आणि कामगार संघटना विद्यावेतन देतात, जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून देते.

इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच येत असेल तर मुख्यालयात फायदा होतो. राज्यातल्या कामासाठी मराठीचाही उपयोग आहे, कारण अंगणवाडी सेविकांशी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलणे इंग्रजीत होत नाही. अभियंत्यांना पाणीपुरवठा, पुरवठा साखळी, माहिती तंत्रज्ञान आणि नकाशाशास्त्र या क्षेत्रांत जागा निघतात. नियुक्तीपत्र हाती आले की पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी वाचाव्यात : पद स्टाफचे आहे की नॉन-स्टाफ, मुदत किती, पैसा नियमित अर्थसंकल्पातला की एखाद्या देणगीदाराचा, आणि निवृत्तिवेतन निधीचा उल्लेख आहे की नाही.

कपातीच्या काळात बनावट नोकऱ्यांचे ईमेलही येतात. संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण किंवा कागदपत्र पडताळणीसाठी पैसे घेत नाही आणि बँक खात्याचा तपशीलही मागत नाही. ‘व्हिसा प्रक्रियेसाठी इतके रुपये भरा’ असा मजकूर असेल, तर त्यावर निळे बोधचिन्ह कितीही ठसठशीत छापलेले असो, तो ईमेल फसवणुकीचा आहे.